मारामारीलाच गुण का?

सुट्टीत शिंदे की छावनीत आम्ही भावंडं डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळलो. किल्ल्यातला गंगाजळीचा खजिना शोधायचा, ही गोष्ट मीच रचलेली. (1886 मध्ये जयाजीराव गेले आणि त्याचं गुपितही त्यांच्याबरोबर गेलं म्हणतात. ग्वाल्हेरात याहून बरी गोष्ट कुठली?) धाकटीने पहारेकऱ्यांना गप्पांत गुंतवून हंडे पळवले. अनुभवाचे गुण मात्र मी मारामारीलाच ठेवलेले, तिला शून्य! “मग मी पण मारतेच ना,” म्हणाली.

चूक माझीच. 1974 च्या मूळ नियमांत मिळवलेल्या सोन्यालाही गुण होते, साधारण नाण्यामागे एक. मला तोच हिशेब पटतो. फक्त सोनं साठू द्यायचं नाही, नाहीतर सगळे भारी चिलखतं घेऊन निवांत बसतात. दिवाळीत पुन्हा खेळू तेव्हा शिपायांचे पगार आधी वसूल करणार. धाकटी आत्तापासूनच घासाघीस करतेय.