भाजलेलं झाड ही कस्टमरची चूक नाही, आपली आहे



सक्युलंटचा बिझनेस कमी भांडवलात कसा सुरू करायचा, यावर आपण व्हिडिओत बोललो आहोत. आज त्याच धंद्यातल्या एका नुकसानीबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. ते ना बिलात दिसतं, ना स्टॉक रजिस्टरमध्ये.

माझ्या दुकानाच्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. मार्च महिना होता. एक ताई आठवड्यापूर्वी नेलेली एचेवेरिया परत घेऊन आल्या. पानांवर पांढुरके, कागदासारखे डाग, मधे मधे तपकिरी. मी लगेच म्हणालो, "ताई, ऊन जास्त झालंय याला." त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्हीच सांगितलंत ना, याला भरपूर ऊन लागतं म्हणून!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुंडीवर 'फुल सन' असं लेबल मीच लावलं होतं. ताई भांडल्या नाहीत, पैसेही मागितले नाहीत. फक्त पुन्हा कधी आल्या नाहीत. माझं त्यात काय गेलं, ते आजही मला मोजता येत नाही.

माझं मत सरळ आहे: सावलीत वाढलेलं झाड उन्हाची सवय न लावता विकणं म्हणजे अर्धवट माल विकणं.

चूक नेमकी कुठे होते?

आपण जी सक्युलंट होलसेलमध्ये आणतो, ती बहुतेक पॉलिहाऊस किंवा शेडनेटखाली वाढलेली असतात. तिथे ऊन गाळून मिळतं, म्हणून पानं टवटवीत, एकसारखी आणि कोवळी राहतात. मग तेच झाड तीन-चार दिवस अंधाऱ्या खोक्यात प्रवास करतं. आपण खोकं उघडतो, फोटो काढतो, स्टॉलवर मांडतो. कस्टमर ते पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवतो, कारण त्याने ऐकलेलं असतं की ही वाळवंटातली झाडं.

वाळवंटातलं झाड लहानपणापासून ऊन खात मोठं होतं. आपलं झाड एसी ऑफिसमधल्या माणसासारखं आहे. त्याला एकदम मे महिन्यात शेतावर उभं केलं तर काय होणार?

आपल्याकडे हा धोका वर्षातून दोनदा येतो. एक फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत. दुसरा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे ऑक्टोबर हीट. जून ते सप्टेंबर ढगाळ हवेत झाड सावलीला सरावतं. पाऊस गेला की स्वच्छ, कडक ऊन थेट अंगावर येतं. उन्हाळ्यात तगलेलं झाड ऑक्टोबरमध्ये भाजतं आणि आपण म्हणतो, "गेल्या वर्षी तर याच जागी मस्त होतं!"

आधी ओळखायला शिका

उन्हाने पानांच्या कडा लाल, गुलाबी किंवा जांभळट झाल्या आणि पान घट्ट असेल, तर घाबरू नका. तो झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेला रंग आहे. सावलीत नेलं की हळूहळू कमी होतो. उलट, अशा रंगावर कस्टमर खूश असतो.

भाजणं वेगळं. उन्हाकडच्या बाजूलाच फिकट, पांढरट किंवा तपकिरी, कोरडे चट्टे येतात. पान मऊ, पाणीदार आणि पिवळट होऊन गळत असेल, तर संशय आधी जास्त पाण्यावर घ्या. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. दुकानात बसून हा फरक सांगता आला नाही तर तुमच्यात आणि सिग्नलवरच्या कुंडीवाल्यात फरक काय?

तीन आठवड्यांचा हिशोब

माझी पद्धत सांगतो. माल आल्यावर पहिला आठवडा भरपूर उजेड, पण थेट ऊन अजिबात नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं कोवळं ऊन, तासभर. तिसऱ्या आठवड्यात हळूहळू दोन ते तीन तास, तेही सकाळी दहाच्या आत. दुपारी वर ५० टक्क्यांची शेडनेट. खूप दाट नेट लावलीत तर एचेवेरियासारखी झाडं उजेडासाठी लांबट होतात आणि त्यांचा आकार बिघडतो.

उन्हाळ्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उघड्या सिमेंटच्या गच्चीवर ठेवू नका. वरून पान भाजतं, खालून मुळं शिजतात. खाली लाकडी फळी किंवा स्टँड घ्या. पाणी संध्याकाळी द्या, तेही माती सुकली असेल तरच. पानांवरची पांढरी पावडर पुसू नका, ते झाडाचं स्वतःचं सनस्क्रीन आहे. 'चमक यावी' म्हणून तेल किंवा लीफ शाईन तर मुळीच नको.

आता तुम्ही म्हणाल, "सर, तीन आठवडे माल अडकला, पैसा अडकला!" बरोबर. चला, उदाहरण म्हणून आकडे धरू. १०० झाडं ४० रुपयांनी आणली आणि १०० रुपयांनी विकायची आहेत. त्यातली १५ भाजली तर १,५०० रुपयांची विक्री गेली. शेडनेट, स्टँड आणि रोजची अर्ध्या तासाची मेहनत धरून एका लॉटला ७०० रुपये खर्च आला, तरी तुम्ही फायद्यात आहात. आणि झाडाची किंमत १०० ऐवजी ११० ठेवून 'उन्हाला सरावलेलं' असं सांगून विकलंत, तर तो खर्च नाही, ती तुमची ओळख आहे.

बीबीएला नाशवंत माल म्हणजे दूध, भाजी, फुलं असं शिकलो होतो. सक्युलंट महिनोन्महिने टिकतं, म्हणून आपण त्याला त्यात धरत नाही. पण कडक उन्हात एका दुपारी ते विक्रीतून बाद होतं.

विकताना एकच प्रश्न विचारा

"तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला आहे?" बस. थेट ऊन येत नसेल तर हॉवर्थिया, गॅस्टेरिया, स्नेक प्लँट. सकाळचं ऊन असेल तर एचेवेरिया, ग्राप्टोपेटॅलम. पश्चिमेचं ऊन असेल तर अडेनियम, अगेव्ह, निवडुंग, पण तेही सवय लावूनच. निवडुंगाला काटे आहेत म्हणून तो भाजत नाही, असं नसतं.

भाजलंच तर?

लगेच उजेडाच्या सावलीत हलवा, अंधाऱ्या खोलीत नाही. तापलेल्या झाडावर भर दुपारी पाणी ओतू नका. खत नको, कुंडी बदलणं नको, आधी त्याला सावरू द्या. डाग पडलेलं पान तोडायची घाई करू नका. त्याचा हिरवा भाग अजून काम करतोय, शिवाय वरून खालच्या पानांवर सावली धरतोय. पूर्ण वाळलं की ते आपोआप निघतं.

एक गोष्ट कस्टमरला खरी सांगा: तो डाग पुन्हा हिरवा होत नाही. एचेवेरियात मधून नवी पानं येतात, डागाळलेली खाली जातात आणि काही महिन्यांत झाड पुन्हा देखणं दिसतं. निवडुंगावरचा डाग मात्र कायम राहतो. मधला कोंब जळाला तरी खोड घट्ट असेल तर थांबा, बाजूने पिल्लं फुटू शकतात.

अशी झाडं मी फेकत नाही आणि नव्या मालात लपवतही नाही. 'उन्हात भाजलेलं, सावरतंय' अशी पाटी लावून निम्म्या किमतीत ठेवतो. गंमत म्हणजे ती विकली जातात, कारण लोकांना डाग चालतो, फसवणूक चालत नाही.

अनेक दुकानदार म्हणतात, "दुकानाबाहेर गेलं की आपली जबाबदारी संपली." मला हे पटत नाही. आपण झाड विकत नाही, 'माझ्या हातून झाड जगतं' हा विश्वास विकतो. पहिलं झाड मेलं की कस्टमर स्वतःलाच दोष देतो, "मला जमत नाही" म्हणतो आणि दुसरं झाड कुणाकडूनच घेत नाही. त्या ताईंनी कदाचित तेच केलं असेल.

या आठवड्यात एवढंच करा: तुमच्या स्टॉकमधली 'फुल सन' लिहिलेली सगळी लेबलं काढा. त्या जागी किती वाजेपर्यंतचं ऊन, आणि किती दिवसांनी, हे लिहा. मार्करचा खर्च दहा-वीस रुपये. गेलेला कस्टमर परत आणायला किती लागतात, ते मला अजून सापडलेलं नाही.

चला, कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!