न्यायालयात न झालेली साक्ष

वाचकहो, अमेरिकेच्या शहरांतील गरीब वस्त्यांतले तरुण मादक पदार्थांच्या विक्रीत कसे ओढले जातात, ह्या विषयावर तेथे पुष्कळ कादंबऱ्या व चित्रपट निघाले आहेत. असले वाङ्मय गुन्हेगारास नायक बनविते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो मान्य करण्यापूर्वी ह्या वाङ्मयातील एक उत्तम कृती तेथील कायद्याशेजारी ठेवून पाहावी, अशी आमची विनंती आहे.

प्रथम कायदा पाहू. १९८६ साली अमेरिकेच्या संघीय कायदेमंडळाने ठरविले की, ५०० ग्रॅम कोकेनची भुकटी विकणारास किमान ५ वर्षांची कैद व्हावी. आणि अवघे ५ ग्रॅम क्रॅक विकणारासही तीच ५ वर्षे. क्रॅक हे काही निराळे विष नव्हे. तीच भुकटी खाण्याच्या सोड्याबरोबर पाण्यात शिजविली की क्रॅकचे खडे होतात. कायद्याच्या शब्दांत वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता; परंतु क्रॅकच्या खटल्यांत संघीय न्यायालयांतून शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. अक्षरांत समान आणि अंमलात विषम असा कायदा काय करू शकतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. शिवाय किमान शिक्षा आधीच ठरल्याने न्यायाधीशाचे हात बांधले गेले. हा मुलगा कोण, त्यास ह्या धंद्यात कोणी घातले, नफा कोणाच्या खिशात गेला, हे जाणूनही शिक्षा त्या मर्यादेखाली आणणे त्याच्या हाती क्वचितच राहिले.

नेमके हेच प्रश्न रिचर्ड प्राइस ह्या लेखकाने १९९२ साली ‘क्लॉकर्स’ ह्या कादंबरीत विचारले. न्यू जर्सीतील एका कल्पित शहरात, सरकारी वसाहतीतील बाकांवर बसून स्ट्राइक नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण हाताखालच्या पोरांकडून क्रॅक विकवून घेतो. तो स्वतः त्या पदार्थास शिवत नाही. पोटातील व्रणाने तो बेजार आहे. पोलीस आणि स्वतःचा मालक, दोघांचीही त्यास सारखीच धास्ती आहे. ह्यात हेवा वाटावा असे काय आहे? त्याचा भाऊ व्हिक्टर दोन ठिकाणी नोकऱ्या करून बायकामुले पोसतो. एक खून होतो आणि व्हिक्टर कबुली देतो. तपास करणाऱ्या पोलिसास ती पटत नाही. कष्टाळू माणूस खून कसा करील? विक्री करणारा भाऊच खुनी असला पाहिजे! अखेरीस कबुली खरी ठरते. सज्जन आणि दुर्जन अशा दोन खात्यांत माणसे आधीच वाटून ठेवणारी बुद्धी येथे उघडी पडते. आणि त्या वस्तीत प्रामाणिक श्रमही माणसास कोठवर पिळून काढतात, हे कळते.

कोणी म्हणेल, परिस्थितीकडे बोट दाखवून गुन्हा धुऊन काढावयाचा काय? मुळीच नाही. ह्या विषाने त्याच वस्तीतील घरे उद्ध्वस्त केली, आणि विकणारा तरुण त्यास जबाबदार आहेच. प्राइसही त्यास निर्दोष ठरवीत नाही. परंतु जबाबदारी ठरविणे आणि माणूस मोजण्याचे नाकारणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. जे पुस्तक केवळ पिस्तूल, पैसा आणि मोटारी दाखविते, ते खुशाल टाकून द्यावे. जे पुस्तक धंद्याचा हिशेब मांडते, तळच्या पोरास काय मिळाले आणि त्याने काय गमावले हे सांगते, ते जपावे.

२०१० साली अमेरिकेने ५ ग्रॅमची मर्यादा २८ ग्रॅमवर नेली. शंभर पटींची तफावत अठरा पटींवर आली. नष्ट मात्र झाली नाही. मधल्या चोवीस वर्षांत जे तरुण तुरुंगात गेले, त्यांची वये कोणता कायदा परत देणार?

न्यायालयात ज्या साक्षीचा उपयोग उरला नाही, ती कादंबरीने नोंदवून ठेवली आहे. वाचकहो, तिची खुशाल कठोर उलटतपासणी करा. परंतु ती ऐकल्यावाचून निकाल देऊ नका.