ज्वलनशील आवरणे : उतरवायची कोणी आणि केव्हा?

आपल्या वैद्यकीय मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, साथीचे रोग यांवरील लेख नित्य येत असतात. इमारतीच्या दर्शनी भिंतीवर कोणते पत्रे बसवावेत हा डॉक्टरांचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या आवरणामुळे एका इमारतीतील ७२ माणसे एका रात्रीत प्राणास मुकतात, ते आवरण सार्वजनिक आरोग्याच्या कक्षेबाहेर ठेवता येणार नाही.

गाणगापूर हे भीमा-अमरजा संगमावरचे दत्तक्षेत्र. येथे गगनचुंबी इमारती नाहीत. मग या प्रश्नाशी आपला संबंध काय, अशी शंका कोणी घेईल. संबंध तीन प्रकारचा आहे. आपली मुले-मुली नोकरीनिमित्त पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू येथे दहा-वीस मजली इमारतींत संसार करीत आहेत आणि निवृत्तीनंतर आपल्यापैकी अनेक जण तेथेच जाऊन राहतात. दुसरे म्हणजे कलबुर्गी, बिदर, सोलापूर या शहरांत रुग्णालयांच्या दर्शनी भागावर चकचकीत एसीपी शीट बसविण्याची रीत आता रूढ झाली आहे. तिसरे म्हणजे ही रीत यात्रेकरूंच्या निवासांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागणार नाही. दत्तजयंतीला किंवा गुरुप्रतिपदेला जेथे एकेका खोलीत आठ-दहा माणसे झोपतात, तेथे भिंतीवर काय लावले आहे याला फार महत्त्व आहे.

हे एसीपी म्हणजे काय, ते प्रथम पाहू. अ‍ॅल्युमिनियमचे दोन अतिशय पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक गाभा, अशी त्याची रचना असते. नेहमीच्या वापरातील शीट चार मिलिमीटर जाड असते व त्यातील सुमारे तीन मिलिमीटर हा गाभाच असतो. स्वस्त मालात हा गाभा पॉलिइथिलीनचा, म्हणजे साध्या प्लॅस्टिकचा असतो. हिशेब केला तर दर चौरस मीटरमागे सुमारे पावणेतीन किलो प्लॅस्टिक भरते. हजार चौरस फुटांच्या दर्शनी भागावर अडीचशे किलो झाले. जळताना हे प्लॅस्टिक जवळजवळ तितक्याच वजनाच्या रॉकेलइतकी उष्णता देते. एवढे रॉकेल रुग्णालयाच्या भिंतीला लावून ठेवण्यास कोणी संमती देईल काय? शिवाय शीट आणि भिंत यांमध्ये सांगाड्यासाठी जी पोकळी राहते, ती धुराड्याचे काम करते. आग एकदा त्या पोकळीत शिरली की ज्वाला कित्येक पट लांबतात आणि मजल्यामागून मजला चढत जातात.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये हेच घडले. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर या चोवीस मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील एका स्वयंपाकघरात फ्रीजला आग लागली. एरवी अशी आग एका घरातच विझते. परंतु एक वर्षापूर्वी संपलेल्या नूतनीकरणात इमारतीला पॉलिइथिलीनच्या गाभ्याचे आवरण चढविले होते. आग बाहेर पडली आणि वीसएक मिनिटांत माथ्यापर्यंत पोहोचली. उतरण्यास जिना एकच होता, आणि रहिवाशांना दीर्घकाळ आपापल्या घरातच थांबण्याचा सल्ला दिला जात होता. ७२ जण दगावले. सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला. सरकार, उत्पादक, वास्तुविशारद आणि ठेकेदार या सर्वांच्या वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाची साखळी त्याने उघड केली.

आपल्या देशातही धडे कमी नाहीत. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. काचेने बंद केलेल्या इमारतीतून धुराला वाट मिळाली नाही आणि सुमारे नव्वद जण, बहुतेक अंथरुणाला खिळलेले रुग्ण, गुदमरून गेले. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये दर्शनी भागावरील फ्लेक्स आणि वरच्या शिकवणी वर्गातील टायर यांनी आग भडकविली व बावीस विद्यार्थी दगावले. ती इमारत काही वीस मजली नव्हती. तेव्हा उंच इमारत नाही म्हणून आपण निर्धास्त राहावे, हा युक्तिवाद टिकत नाही.

वैद्यकीय दृष्टीने पाहता अशा आगीत भाजण्यापेक्षा धूरच अधिक बळी घेतो. कार्बन मोनॉक्साइडची हिमोग्लोबिनशी जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक असते आणि आपला नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर हा फरक ओळखू शकत नाही. रुग्ण गुदमरत असताना तो समाधानकारक आकडा दाखवितो. आवरणामागे फोमचा थर असेल तर त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असते आणि त्यावरील उतारा तालुक्याच्या ठिकाणी सहसा हाताशी नसतो. येथून कलबुर्गी गाठेपर्यंतचा वेळ अशा रुग्णाजवळ नसतो. म्हणून या आजारावर उपचार शोधण्यापेक्षा त्याचे कारण भिंतीवरून उतरविणे हेच खरे वैद्यक होय.

आता मुख्य प्रश्न : उतरवायचे कोणी आणि खर्च कोणाचा? इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ पासून अठरा मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्यास बंदी झाली. परंतु जुन्या इमारतींचे काय, यावर मालक, बांधकाम कंपन्या आणि सरकार यांच्यात वाद चालत राहिला. ज्यांनी ते आवरण निवडले नव्हते अशा सदनिकाधारकांच्या माथी मोठमोठी बिले आली व त्यांची घरे विकली जाईनात. त्यांना संरक्षण देणारा कायदा २०२२ साली झाला. तरीही अनेक इमारतींचे काम २०२५ मध्येही अपुरेच होते. मेलबर्नमध्ये २०१४ साली गच्चीतील एका सिगारेटने लॅक्रोस इमारतीचे आवरण पेटले; सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तेथील न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये नुकसानभरपाईचा मोठा वाटा अग्निसुरक्षा अभियंता, बांधकाम तपासनीस आणि वास्तुविशारद यांच्यावर टाकला. त्याच वर्षी व्हिक्टोरिया राज्याने ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर्सची योजना आखून सर्वाधिक धोक्याच्या इमारती प्रथम हाती घेतल्या. यांतून दोन बोध मिळतात. ज्याने निवड केली त्याने भरपाई द्यावी, हे न्याय्य आहे. मात्र न्याय होईपर्यंत आवरण भिंतीवर ठेवू नये. आधी उतरवावे, वाद नंतर चालू द्यावा.

आपल्याकडे पंधरा मीटर व त्याहून उंच इमारतीस राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ बहुमजली मानते. परंतु राज्य शासनाने स्वीकारल्याखेरीज संहिता बंधनकारक होत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी व जुलै अशी वर्षातून दोनदा प्रमाणपत्रे द्यावी लागतात, तथापि त्यांचा रोख मुख्यतः पंप, नळ, फवारे यांवर असतो. भिंतीच्या गाभ्यात काय आहे हे त्यातून कळत नाही. कायद्याची वाट पाहत बसलो तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत व्हायची.

सुदैवाने आपल्या भागातील रुग्णालयांची स्थिती लंडनहून एका बाबतीत सोपी आहे. तेथे आवरण उष्णतारोधनासाठी लावले होते आणि काढल्यावर त्याजागी दुसरे काही लावणे भाग होते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एसीपीच्या मागे विटांची व गिलाव्याची पूर्ण भिंत उभी असते. आवरण केवळ शोभेचे असते. तेव्हा नवे महाग आवरण बसविण्याची सक्ती नाही; उतरवून गिलावा दुरुस्त करावा आणि रंग द्यावा, एवढे पुरे. ज्यांना आवरण हवेच असेल त्यांनी फायबर सिमेंट, दगड किंवा भरीव अ‍ॅल्युमिनियम यांचा विचार करावा. एसीपीच घ्यायचे तर खनिज गाभ्याचे, आणि तेही चाचणीचा अहवाल पाहून घ्यावे. गाभ्याचा रंग पाहून निदान होत नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

सगळे एकदम उतरविणे परवडणार नसेल तर क्रम ठरवावा. जिन्याभोवतीचे, प्रवेशद्वारावरचे, अतिदक्षता विभागाच्या व प्रसूतिकक्षाच्या खिडक्यांवरचे आवरण प्रथम काढावे, कारण तेथील रुग्ण आपल्या पायांनी खाली उतरू शकत नाहीत. जनरेटर, विजेचा फलक आणि वातानुकूलन यंत्रे यांच्या आसपासचे त्यानंतर. काम चालू असताना विशेष दक्षता हवी. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी हाँगकाँगच्या वांग फुक कोर्टमध्ये दुरुस्तीसाठीच बांधलेल्या जाळ्या आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे तुकडे यांनी आग पसरवून दीडशेहून अधिक बळी घेतले. म्हणजे उपचारच अपायकारक ठरू नये.

खर्चाचा आक्षेप मी हलका मानीत नाही. लहान रुग्णालय चालविणाऱ्यास कर्जाचा हप्ता, कर्मचाऱ्यांचे पगार आणि यंत्रसामग्री यांचा मेळ घालताना नाकीनऊ येतात. परंतु दर्शनी भाग चकचकीत असल्याने रुग्ण येतात, हा समज तपासून पाहावा. रुग्ण डॉक्टरच्या हातगुणावर येतो. आपण त्याला दाखल करून घेतो तेव्हा तो आपल्या भिंतींवरही विश्वास टाकीत असतो.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवतो. शासनाकडे निवेदन देण्याआधी आपण सभासदांनी आपापल्या इमारतींची पाहणी करावी आणि येत्या दत्तजयंतीपूर्वी तिचा अहवाल मंडळाच्या सभेत मांडावा. दुसऱ्यांना उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतर आपल्याला मिळेल, आणि यात्रेकरूंच्या निवासांचे चालक व नगरांतील गृहनिर्माण संस्था आपले म्हणणे अधिक मन लावून ऐकतील.