सहा अणूंची किंमत

टेक्सासमधल्या अर्विंग शहरात, लास कोलिनास आणि व्हॅली रँचच्या परिसरात, नोकरीनिमित्त गेलेली मराठी घरं बरीच आहेत. तिथल्या मुलांच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात आवर्त सारणीची सातवी ओळ पूर्ण भरलेली दिसते. आईवडील महाराष्ट्रात शिकत होते तेव्हा ती अर्धवट होती. आयोडीन आणि ॲस्टेटीनच्या खाली, ११७व्या चौकटीत, आता टेनेसीन आहे. निसर्गात न सापडणारं, माणसाने घडवलेलं, अतिशय किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याचं अर्धायुष्य सेकंदाच्या काही शतांश भागांइतकं आहे, आणि २०१० साली जाहीर झालेल्या पहिल्या प्रयोगात त्याचे अवघे सहा अणू मिळाले.

याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं तर ते रास्तच आहे. पण उत्तर शोधायचं तर त्या सहा अणूंच्या मागे जावं लागतं, आणि तो रस्ता अर्विंगला ओळखीच्या असलेल्या तेलधंद्याच्या वाटेवरूनच जातो.

एक्झॉनमोबिलचं मुख्यालय २०२३पर्यंत अर्विंगमध्ये होतं. तेलविहिरीत खोलवर कुठल्या थरात पाणी आहे आणि कुठल्या थरात तेल, हे पाहण्यासाठी न्यूट्रॉन सोडणारी साधनं वापरतात. कॅलिफोर्नियम-२५२ हा असाच एक स्रोत. अणुभट्टी सुरू करतानाही तो लागतो. टेनेसीतल्या ओक रिज प्रयोगशाळेच्या अणुभट्टीत तो तयार होतो आणि त्याच्यासोबत थोडं बर्केलियमही हाती लागतं. टेनेसीन घडवायला नेमकं तेच हवं होतं. व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे जोसेफ हॅमिल्टन त्यासाठी ओक रिजकडे वर्षानुवर्षं विचारणा करत राहिले. २००८मध्ये कॅलिफोर्नियमची व्यापारी मागणी आली, त्याचं उत्पादन पुन्हा सुरू झालं आणि बर्केलियमचा मार्ग मोकळा झाला. ज्याला लोक निरुपयोगी शोध म्हणतात, तो असा उद्योगाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

हाती आलं २२ मिलिग्रॅम बर्केलियम. बाटलीच्या तळाशी हिरवट द्रावणाचा एक थेंब दिसावा, इतकंच. भट्टीत सुमारे अडीचशे दिवस, मग थंड करण्यात आणि शुद्ध करण्यात आणखी काही महिने. दर दहा-अकरा महिन्यांनी त्यातला निम्मा भाग नाहीसा होणार, म्हणजे घाई करणं भागच. शिशाच्या पाच पेट्यांत भरून तो माल न्यूयॉर्कहून प्रवासी विमानाने मॉस्कोला निघाला. कागदपत्रं अपुरी म्हणून रशियन सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी तो दोनदा परत पाठवला. त्या पेट्यांनी अटलांटिक पाच वेळा ओलांडला! मग रशियातल्याच दिमित्रोवग्राडमध्ये टायटॅनियमच्या पातळ पत्र्यावर बर्केलियमचा थर चढवला गेला आणि डुब्नामध्ये युरी ओगानेसियान यांच्या चमूने त्यावर कॅल्शियम-४८चा मारा केला. बर्केलियमचे ९७ आणि कॅल्शियमचे २० प्रोटॉन मिळून ११७.

शास्त्रात एका प्रयोगशाळेच्या शब्दावर भागत नाही. २०१४मध्ये जर्मनीतल्या जीएसआय केंद्रात ११७ पुन्हा घडवलं गेलं, आणि त्या प्रयोगाच्या शोधनिबंधाच्या लेखकांत कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटचे आणि आयआयटी रुरकीचे संशोधक होते. ही बातमी मराठी वाचकांपर्यंत जेवढी पोहोचायला हवी होती तेवढी पोहोचली नाही. याच्याशी जोडलेलं काम मुंबईतही चालतं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात १९८८पासून पेलेट्रॉन हा कणत्वरक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था तो मिळून चालवतात. दोन जड केंद्रकं एकमेकांवर आदळली की ती एकजीव का होत नाहीत, जुळण्याआधीच का फुटतात, असे प्रश्न तिथे अभ्यासले जातात. अतिजड मूलद्रव्यं मिळणं इतकं दुर्मिळ का, याचं उत्तर याच अभ्यासात आहे.

म्हणूनच हे काम चैनीचं समजून त्यावरचा पैसा कापणं चूक आहे. नवी चौकट भरायला लागणारी भट्टी, शुद्धीकरणाची हातोटी, सूक्ष्म स्पंद टिपणारी यंत्रणा, यांतलं बरंचसं कॅन्सरच्या उपचारासाठी लागणारे किरणोत्सारी समस्थानिक बनवतानाही कामी येतं. शिकलेला माणूस एका कामावरून दुसऱ्यावर सहज जातो. तुटलेली परंपरा मात्र पुन्हा उभी करायला पिढी जाते.

युक्रेन युद्धानंतर, टेनेसीन ज्यातून घडलं ते अमेरिका आणि रशियाचं सहकार्य थांबलं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २०२४मध्ये टायटॅनियम-५०चा झोत वापरून २२ दिवसांत लिव्हरमोरियम या अतिजड मूलद्रव्याचे दोन अणू मिळवले. त्याच झोताने कॅलिफोर्नियमवर मारा करून १२० क्रमांकापर्यंत पोहोचण्याचा त्यांचा इरादा आहे. ते मिळाल्याचा दावा झाला, तर तो तपासायला पुन्हा दुसऱ्या देशांतल्या प्रयोगशाळा लागतील. कुलाब्याच्या तरुण संशोधकांना त्या कामात पाठवण्यासाठी लागणारा निधी आणि परवानग्या आत्ताच मिळायला हव्यात.