छपराचा कौल

'नटसम्राट' शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: आप्पासाहेब बेलवलकरांनी सगळे वाटून टाकण्याची एवढी घाई का केली? यंदा एका विद्यार्थिनीने तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारला. "मॅडम, मुलाचं घर आणि मुलीचं घर, एवढ्या दोनच जागा होत्या का त्यांना?" तिसरी जागा रस्ता, असे मी म्हणाले आणि वर्ग हसला. पण तिचा रोख वेगळा होता. म्हाताऱ्या माणसाच्या हाती स्वतःचे घर आणि स्वतःचा कारभार उरला असता, तर गोष्ट कशी घडली असती, हे तिला जाणून घ्यायचे होते.

मला उत्तर देता आले नाही, आणि ते केवळ माझ्या वाचनातले वैगुण्य आहे असे मला वाटत नाही. आपल्या साहित्यातला वृद्ध बहुधा देऊन बसलेला किंवा टाकला गेलेला असतो. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले नाना-नानी वाट पाहतात. वाट पाहणे ही वृद्धांची मुख्य क्रिया, असे आपण जणू गृहीतच धरले आहे. अंदाजपत्रकावरून भांडणारा, ठरावाला दुरुस्ती सुचवणारा, मतपत्रिका पाकिटात घालून पाठवणारा वृद्ध आपल्या पानांवर क्वचितच भेटतो. म्हणून मी साहित्याबाहेर गेले. कॅलिफोर्नियातल्या लगुना वुड्स व्हिलेज या निवृत्तांच्या वसाहतीची इतिवृत्ते आणि कार्यक्रमपत्रिका कोणालाही वाचता येतात. गेले काही महिने मी ती वाचते आहे. साहित्याच्या प्राध्यापिकेने असल्या कागदांत डोके घालावे का, असे सहकाऱ्यांनी विचारलेच. घालावे, असे माझे मत आहे. का, ते सांगते.

अमेरिकेत केवळ निवृत्तांसाठी गाव वसवण्याची कल्पना रुजली ती १९६० सालच्या १ जानेवारीपासून. त्या दिवशी ॲरिझोनात डेल वेब यांच्या सन सिटीचे दरवाजे उघडले. चार वर्षांनी, १९६४ मध्ये, रॉस कॉर्टीझ या विकासकाने कॅलिफोर्नियात 'लेझर वर्ल्ड' सुरू केले. तेच आजचे लगुना वुड्स व्हिलेज. तिथे १२,७३६ घरे आहेत. त्यांतली ६,३२३ युनायटेड नावाच्या सहकारी संस्थेची, ६,१०२ थर्ड या संस्थेची आणि ३११ मनोऱ्यांतली म्युच्युअल फिफ्टीची. या तिघींच्या सामाईक मालमत्तेची, म्हणजे क्लबघरे, तरणतलाव, गोल्फचे मैदान, बससेवा, फाटके यांची, काळजी घेणारी चौथी संस्था म्हणजे गोल्डन रेन फाउंडेशन. शिवाय १९९९ पासून तिथे रीतसर नगरपालिकाही आहे. शेजारच्या एल टोरो लष्करी तळावर आंतरराष्ट्रीय विमानतळ होऊ घातला होता, त्याला विरोध करता यावा हे ती स्थापन होण्यामागचे एक मोठे कारण होते. म्हाताऱ्यांनी विमानतळ अडवण्यासाठी शहर स्थापन करावे, ही गोष्ट आपल्या कोणा कादंबरीकाराला सुचली असती तर समीक्षकांनी तिला अतिरंजित ठरवले असते.

युनायटेडमधला रहिवासी कायद्याच्या भाषेत घराचा मालक नसतो. त्याच्याकडे संस्थेचा भाग असतो आणि राहण्याचा करार असतो. मुंबईच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत भागप्रमाणपत्र कपाटात जपून ठेवणाऱ्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. मात्र या गावात घराला घर म्हणत नाहीत, 'मॅनॉर' म्हणतात. मॅनॉर म्हणजे सरंजामदाराची गढी. दोन खोल्यांच्या सदनिकेचा देखभाल-खर्च दरमहा भरणारा निवृत्त शिक्षकही इथे कागदोपत्री गढीत राहतो. सहकारी व्यवस्थेला सरंजामी शब्द लावून विकासकाने माल विकला आणि साठ वर्षांनंतरही तो शब्द ठरावांतून, अर्जांतून, दंडाच्या नोटिशींतून फिरतो आहे. शब्द मालकापेक्षा जास्त जगतात, याचा असा पुरावा भाषेच्या वर्गात दाखवायला हरकत नसावी.

आता कारभाराकडे. संचालक हे रहिवासीच असतात, निवडून येतात आणि बिनपगारी काम करतात. कॅलिफोर्नियातल्या अशा संस्थांना १९८५ सालचा डेव्हिस-स्टर्लिंग कायदा लागू आहे. सभेची विषयपत्रिका चार दिवस आधी लावावी लागते, सभा सदस्यांना खुली ठेवावी लागते, सदस्याला बोलू द्यावे लागते, मतदान गुप्त असते आणि मोजणी तटस्थ निरीक्षकाच्या हाती असते. कागदावर हे आपल्या कित्येक साहित्य संस्थांच्या घटनांपेक्षा बरे आहे. (असो.) परंतु हे संचालक स्वतः काय चालवतात? गळके नळ, बुरशी लागलेले लाकूड, बसचे वेळापत्रक, फाटकावरची तपासणी, थकबाकीचे हिशेब हे सारे पगारी माणसांच्या हाती आहे. वर एक मुख्य कार्यकारी अधिकारी, खाली देखभाल, बागकाम, सुरक्षा, वित्त, रहिवासी सेवा, समाजसेवा असे विभाग. पूर्वी हे काम बाहेरच्या व्यवस्थापन कंपनीकडे होते. आता व्हिलेज मॅनेजमेंट सर्व्हिसेस ही याच वसाहतीच्या संस्थांसाठी उभारलेली कंपनी ते करते.

सत्ता कुठे असते हे ओळखायला एक झाड पुरे. एखाद्या रहिवाशाला खिडकीसमोरचे झाड काढून हवे असते. पाने पडतात, मुळे पायवाट उचकटतात, कधी नुसती सावली नको असते. तो अर्ज करतो. विभागाचा माणूस झाड पाहून टिपण लिहितो. टिपणाच्या शेवटी शिफारस असते: अर्ज नामंजूर करावा किंवा मंजूर करावा. मग समिती, मग संचालक मंडळ. मंडळ शिफारस फिरवू शकते आणि कधीकधी फिरवतेही. पण टिपणात काय आले आणि काय नाही, हे टिपण लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. संचालकाची मुदत दोन-तीन वर्षांची, अधिकाऱ्याची स्मृती लांब. पुढे ठराव होतो 'ज्याअर्थी... ज्याअर्थी... त्याअर्थी...' या घाटात. आपल्या सरकारी मराठीची सवय असलेल्याला हा घाट परका वाटणार नाही. या घाटात कर्ता हरवतो. झाड कोणी तोडले? ठरावाने.

मात्र ज्या विषयापाशी मी थांबले तो झाडाचा नव्हे, छपराचा आहे. छपरे, रस्ते, सांडपाण्याचे नळ ठरावीक वर्षांनी बदलावे लागतात. त्यासाठी दरमहाच्या वर्गणीतून राखीव निधी बाजूला काढायचा असतो. कायदा सांगतो की दर तीन वर्षांनी किमान एकदा सामाईक बांधकामाची पाहणी करून कशाचे किती आयुष्य उरले आहे ते लिहा. नळाचे आयुष्य, डांबराचे आयुष्य, कौलांचे आयुष्य. हा तक्ता एका सभागृहात पंचाऐंशी वर्षांच्या माणसांसमोर ठेवला जातो. या छपराची अजून वीस वर्षे उरली आहेत, तेव्हा आजपासून पैसे ठेवा. समोर बसलेल्या प्रत्येकाला मनातल्या मनात एक वजाबाकी करावीच लागत असणार. निवृत्तिवेतन ठरलेले, औषधे महागलेली, आणि ज्या छपराखाली आपण नसू त्यासाठी दरमहा जास्त द्यायचे. कोणासाठी? मुलांसाठी म्हणावे तर वयाची अट पुरी न करणारी मुले इथे राहायला येऊ शकत नाहीत. पुढे जो कोणी पंचावन्न वर्षांचा अनोळखी माणूस हे घर घेईल त्याच्यासाठी.

संस्था ही कायद्याने व्यक्ती आहे, पण तिला वय नाही. तिचे सारे सदस्य म्हातारे आणि ती मात्र कायम तिशीतली, पुढच्या तीस वर्षांचा हिशेब मांडणारी. माझ्या मते या गावातले खरे नाट्य इथे आहे. आप्पासाहेबांनी जे दिले ते पोटच्या मुलांना दिले, आणि म्हणून ते घेणाऱ्यांवर रागावू तरी शकले. इथे देणाऱ्याला घेणाऱ्याचे नावही माहीत नाही. कायदा मंडळाला सदस्यांच्या मताशिवाय नियमित वर्गणी एका वर्षात वीस टक्क्यांपर्यंतच वाढवू देतो. त्यापुढे जायचे तर कौल घ्यावा लागतो. मराठीत छपराचे कौल आणि मताचा कौल हा एकच शब्द असावा, याची मला या निमित्ताने गंमत वाटली.

कौल पुढे ढकलला तर काय होते, हे २०२१ च्या जूनमध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइडने दाखवले. ती काही निवृत्तांची वसाहत नव्हती, समुद्रकाठची एक साधी सदनिका-इमारत होती. दुरुस्तीसाठी सुमारे दीड कोटी डॉलरची खास वर्गणी ठरण्याआधी वर्षानुवर्षे वाद चालले. ती ठरली आणि काम पुरे होण्याआधीच इमारत कोसळली. ९८ माणसे गेली. फ्लोरिडाने २०२२ मध्ये उंच सदनिका-इमारतींना राखीव निधीची सक्ती केली, आणि तिचा भार ठरलेल्या उत्पन्नावर जगणाऱ्या निवृत्तांवर जड पडतो आहे. बिनपगारी संचालकांचे शेजाऱ्यांशी संबंध बिघडू नयेत म्हणून जे लांबणीवर पडते, ते असे अंगावर येते. वर्गणी वाढवण्याचा ठराव मांडणारा संचालक दुसऱ्या दिवशी त्याच तरणतलावात उतरतो. ज्यांनी ठरावाला शिव्या घातल्या त्यांच्या शेजारीच पोहतो. पगारी अधिकाऱ्याच्या शिफारशीमागे तो दडतो, याचा त्याला दोष देणे मला जमत नाही.

या गावाविषयी माझी तक्रार वेगळी आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारायला बंदी केली, पण वृद्धांच्या वसाहतींना सूट ठेवली. १९९५ च्या दुरुस्तीनंतर मुख्य अट अशी की किमान ऐंशी टक्के घरांत पंचावन्नच्या पुढचा एक तरी रहिवासी हवा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सोबत राहणाऱ्यालाही साधारणपणे पंचेचाळिशीची अट लागते. नातवंडांसारख्या पाहुण्यांना वर्षाकाठी निदान साठ दिवस राहू द्यावे, हेही कायद्यालाच सांगावे लागते. म्हणजे तरुण माणूस इथे येतो तो एक तर साठ दिवसांपुरता, नाही तर कामावर. छपरावर चढणारा, गवत कापणारा, बस चालवणारा, आजींना आंघोळ घालायला आलेली बाई सकाळी फाटकातून आत येतात आणि संध्याकाळी बाहेर जातात. त्यांना मत नाही. संचालकांच्या विनामूल्य श्रमांचे आभार इतिवृत्तात नोंदले जातात. यांचे श्रम 'मनुष्यबळ खर्च' या ओळीत येतात.

सन सिटीत स्वयंसेवेची परंपरा याहून मोठी आहे. तिथे निवृत्त लोक शेरीफच्या स्वयंसेवक दलातून गस्त घालतात, 'प्राइड्स' नावाच्या गटातून रस्त्याकडेचा कचरा उचलतात. त्याच सन सिटीकरांनी पूर्वी शाळांच्या इमारतींसाठी काढायच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव वारंवार मतपेटीतून हाणून पाडले. शेवटी शाळा-जिल्ह्यातून गावच वगळले गेले. अनोळखी पंचावन्नीच्या माणसाच्या छपरासाठी पैसे देणारा माणूस अनोळखी सहा वर्षांच्या मुलाच्या वर्गखोलीसाठी देत नाही. एकाच माणसातल्या या दोन मतांचा मेळ कसा घालायचा, हे मला अजून कळलेले नाही.

मी त्या विद्यार्थिनीला एका सभेचे इतिवृत्त छापून दिले. तिने ते दोन दिवसांनी परत आणले, समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या. तिने विचारले, "यातली माणसं एकमेकांना नावाने ओळखतात, पण छप्पर दुरुस्त करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. ते कोणत्या कागदात असतं?" कंत्राटात कंपनीचे नाव असते, माणसाचे नसते, असे मी सांगितले. तिने तेही समासात लिहून घेतले.