खेड्यांच्या माथी
शहरात नोकऱ्या आटल्या की चिनी राज्यकर्त्यांना खेडे आठवते. २०२३ मध्ये ग्वांगडाँग प्रांताने ३ लाख पदवीधरांना २०२५ अखेरपर्यंत गावोगावी पाठवण्याचे ठरवले. त्याच वर्षी जूनमध्ये शहरी तरुणांतील बेरोजगारी २१.३ टक्क्यांवर गेली होती. त्यानंतर सरकारने तो आकडा काही महिने छापणेच थांबवले, हाही एक उपाय म्हणायचा!

हा डाव जुना आहे. १९६६ पासून माओंच्या सांस्कृतिक क्रांतीने महाविद्यालये बंद पाडली, कारखान्यांत भरती नव्हती आणि ‘रेड गार्ड’ या माओसमर्थक तरुणांच्या टोळ्या एकमेकांच्या उरावर बसल्या होत्या. शहरांतली ही रिकामी तरुणांची गर्दी हलवायची होती. २२ डिसेंबर १९६८ रोजी माओंचा आदेश छापून आला: शिकलेल्या तरुणांनी गरीब शेतकऱ्यांकडून नव्याने शिकावे. दशकभरात सुमारे १ कोटी ७० लाख मुलेमुली खेड्यांत, डोंगरांत, युन्नानच्या रबर मळ्यांत गेली. रेशन आणि राहण्याचा हक्क ‘हुकोऊ’ या नोंदणीला बांधलेला; ती शहरातून हलली की परतीचे दोर कापलेच. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेची मुले निदान सात दिवसांचे शिबिर उरकून घरी येतात.

ज्यांच्याकडून शिकायचे, त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही. सामूहिक शेतीच्या कम्यूनचे धान्य तेवढेच, खाणारी तोंडे मात्र वाढली. आणि नांगर कधी न धरलेल्या हातांना काम शिकवायचे तेही त्यांनीच. १९७८च्या अखेरीस युन्नानमधील तरुणांनी संप केला, त्यांचे प्रतिनिधी थेट बीजिंगला धडकले, तेव्हा कुठे परतीची दारे उघडली. विवाहितांना ती सहजी उघडत नव्हती, म्हणून कित्येकांनी घटस्फोट घेतले. त्यांतले काही निव्वळ कागदावरचे होते.

शी जिनपिंग स्वतः पंधराव्या वर्षी शाआन्शी प्रांतातील लिआंगजियाहे गावी गेले आणि सात वर्षे राहिले. ती कथा आज प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि तरुणांनी आपणहून कष्ट ओढवून घ्यावेत, असा उपदेश २०२३ मध्ये त्यांनीच केला. एक जण सर्वोच्च पदी पोहोचला, म्हणून बाकीच्यांची बुडालेली शिक्षणाची वर्षे भरून येत नाहीत.

खेड्याला माणसे हवीत, हे खरे. पण तिथली तरणी पोरे ग्वांगडाँगच्याच कारखान्यांत राबत आहेत. शहराचा हुकोऊ नसल्याने त्यांच्या मुलांना तिथल्या सरकारी शाळेत सहज प्रवेश मिळत नाही, म्हणून ती आजी-आजोबांकडे गावातच राहतात. पदवीधर पाठवणाऱ्या सरकारने आधी या पोरांना शहराचा हुकोऊ द्यावा.