घड्याळावरील खुणा

‘आजी, तुझ्याच कामाची गोष्ट आहे,’ असे म्हणून माझ्या नातीने एमा डोनोह्यू या आयरिश लेखिकेची ‘द पुल ऑफ द स्टार्स’ ही २०२० साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी माझ्या हाती ठेवली. आधी मुंबईत व नंतर येथे, मिळून ३५ वर्षे प्रसूतिगृहात काढलेल्या बाईने ती कशी वाचली, हे वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

काळ १९१८ चा, स्थळ डब्लिन. महायुद्ध संपत आलेले आणि इन्फ्लुएन्झाची साथ भरात. रुग्णालयातील एका अडगळीच्या खोलीत तापाने आजारी गरोदर स्त्रियांसाठी तीन खाटा मांडलेल्या व त्यांच्यावर जूलिया पॉवर ही एकटी परिचारिका. कथा अवघ्या तीन दिवसांची. पडद्याआड एक किंकाळी आणि मग बाळाचा टाहो, एवढ्यात बाळंतपण उरकण्याची कादंबरीकारांची रीत येथे नाही. दोन वेणांमधील ती लांबलचक वाट पाहणे लेखिकेला अचूक साधले आहे.

परंतु त्या तीन खाटांवर तिने अवघ्या आयर्लंडचे दुःख आणून निजविले आहे. बाळंतपणांनी झिजलेली आई, नवऱ्याचा मार खाणारी, अविवाहित माता. मदतीस आलेली ब्रिडी तर जोगिणींच्या आश्रमात वाढलेली. शेवटी जूलिया व ब्रिडी यांचे प्रेम आणि ब्रिडीचा मृत्यू इतक्या झटपट येतात की श्वास घेण्यास उसंत नाही. प्रेमाला माझी हरकत नाही, घाईला आहे. मात्र ही दुःखे कल्पित म्हणता येत नाहीत. तेथील माता-बालक आश्रमांच्या चौकशीचा अहवाल २०२१ साली आला. १८ संस्थांत सुमारे ९,००० मुले दगावली होती.

कादंबरीतील डॉ. कॅथलीन लिन मात्र खऱ्याच. १९१६ च्या उठावात त्यांनी भाग घेतला व १९१९ साली तान्ह्या मुलांसाठी रुग्णालय काढले. त्यांच्याविषयी वाचताना आपल्या डॉ. जेरुशा झिराड यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. लंडनला शिकून त्या परतल्या, कामा रुग्णालयाची धुरा वाहिली आणि मुंबईत बाळंतिणी का दगावतात याचा कसून शोध घेतला.

जूलिया दगावलेल्या प्रत्येक बाईसाठी आपल्या घड्याळावर एक खूण कोरते. हे वाचून प्रथम मला रागच आला. कोणत्या परिचारिकेला एवढी सवड असते? आम्ही नोंदवहीत खाटेचा क्रमांक व वेळ लिहून पुढच्या बाईकडे वळत असू. माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी चाळीतली एक पहिलटकरीण रक्तस्रावाने आमच्या हातून गेली. तिच्या हातातला हिरवा चुडा आजही डोळ्यांपुढे आहे. सासू दाराशी तांब्या घेऊन उभी होती, तेही आठवते. पुस्तक मिटून त्या रात्री मी तिचे नाव आठवीत बसले. पहाट झाली, पण ते काही आठवले नाही.